सदानंदचा चौकोनी फोटो

फोन शालूआकाचा होता. सदानंदच्या थोरल्या बहिणीला सगळं पेडणे शालूआका म्हणतं, आणि ती आपणहून कुणाला फोन करत नाही हे ठाऊक असल्यामुळे तिचं नाव दिसताच मी हातातली पिशवी खाली ठेवून फोन घेतला. मी डिचोलीच्या मासळीबाजारात बांगड्यांचा भाव करत होतो. "मास्तर," ती म्हणाली, "आमचो सदा गेलो. सकाळीं चाय घेतली, खुर्चेर बसलो आनी गेलो..." मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "पेपरवाले फोटो मागतात. घरांत ताचो एकूय फोटो ना." माझा मित्र गेला होता आणि त्या क्षणी मला चक्क हसू आलं. अर्ध्या तालुक्याची लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंगं, निवडणुकीला पडलेले आणि निवडून आलेले उमेदवार, सगळे ज्याच्या कॅमेऱ्यातून गेले, त्याचाच फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नंतर बसमध्ये बसलो तेव्हा रडू आलं, आणि शेजारच्या बाईंनी न विचारता खिडकीची जागा दिली.

शोधल्यावर दोन सापडले. एक आधार कार्डावरचा, ज्यात तो पोलिसांनी पहाटे उचलून आणल्यासारखा दिसतो. दुसरा खरोखर त्याचा म्हणावा असा, पण त्यात तो एकटा नाही. पुतणीच्या लग्नातला, घरच्या सगळ्यांचा ग्रुप फोटो. त्यात सदानंद अगदी कडेला उभा आहे, धापा टाकत आल्यासारखा, हसरा. त्याच्या खांद्यावर थोरल्या भावाचा, मुकुंददादांचा हात आहे. त्या भावाशी तो त्या लग्नानंतरच्या आठवड्यापासून एक शब्द बोलला नाही. आता भिंतीवर लावायचा तर या फोटोतून सदानंदला कापून काढायला हवा. आणि ज्याने सगळा जन्म फोटोला कात्री लावू दिली नाही, त्यालाच कापायचं... पेपरात शेवटी फोटोशिवायच बातमी गेली. पण बाराव्याला भिंतीवर काय लावायचं, हा प्रश्न शालूआकाने माझ्यावर टाकला. कारण कात्रीच्या बाजूने सदानंदशी आयुष्यभर भांडलेला माणूस म्हणजे मी.

आमची ओळखच भांडणातून झाली. मी डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि हौस म्हणून पणजीच्या एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवायचो. फोटो लागला की पेडण्याहून मोटारसायकलवर सदानंद यायचा. त्याच्याकडे दोन भिंगांचा, वरून खाली वाकून बघायचा कॅमेरा होता, आणि त्यातून निगेटिव्ह निघायची ती चौकोनी. बाजारात मिळणारा कागद लांबट. बाकीचे फोटोग्राफर काय करायचे, चौकोनाचं वरचं आभाळ आणि खालची जमीन कापून फोटो कागदाच्या मापाचा करायचे. सदानंद पूर्ण चौकोन छापायचा आणि उरलेला कागद पांढरा सोडून द्यायचा. गिऱ्हाइकं कटकट करायची, "अहो भाई, हा कागद वाया गेला की." तो म्हणायचा, "कागद वाया गेलो तर जावं दी. मनीस वाया जाता कामा नये." हे ऐकून एका नवरदेवाच्या बापाने त्याला भर मांडवात वेडा म्हटलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मलाही तसंच वाटलं.

पहिलं मोठं भांडण खाणीच्या चिखलावरून. डिचोलीकडच्या एका गावात पावसात खाणीचा लाल गाळ उतरून भातशेतात बसला होता. सदानंदने फोटो काढला, गुडघाभर लाल चिखलात उभा असलेला म्हातारा शेतकरी, हातात उपटलेला भाताच्या रोपांचा तरवा. बघून काळजात चर्र व्हावं असा फोटो. फक्त उजव्या कडेला, रस्त्यावर, खनिज वाहणारा एक ट्रक उभा होता आणि ट्रकच्या खिडकीतून एक तरुण म्हाताऱ्याकडे बघत होता. मी तो फोटो ट्रक काढून छापायला सांगितलं. एक माणूस, एक शेत, संपलं. पेपरात तो पहिल्या पानावर आला, लोकांनी फोन केले, विधानसभेतसुद्धा कुणीतरी पेपर हलवून दाखवला. मी खुशीत होतो. तिसऱ्या प्रहरी सदानंद शाळेच्या दारात. हेल्मेट न काढताच म्हणाला, "तो ट्रकांतलो कोण, खबर आसा तुका? त्या म्हाताऱ्याचो पूत. बापायचें शेत ज्या मातयेन खाल्लें, तीच माती पूत व्हांवता. एका घरांत दोनूय आसा. आनी तुमी अर्धें घर कापून उडयलें."

मी म्हटलं, अरे, वाचकाला एका वेळी एकच गोष्ट दाखवायची असते. मुलांचे निबंध तपासताना मी फाफटपसारा खोडतो, तेव्हाच निबंध उभा राहतो. फोटोचंही तसंच. आणि तू तरी काय करतोस? कॅमेरा इकडे वळवलास की तिकडचं जग कापलंसच ना? माझा मुद्दा बिनतोड होता, अजूनही आहे असं मला वाटतं. सदानंद मग म्हणाला, "ओळ खोडली तर ओळीक कळना, मास्तर. मनशाक कळता." आणि निघता निघता, मोटारसायकलला किक मारत, "जेवणाक आपयलो ना, ती एक गजाल. पंगतीतल्यान उठयलो, ती वेगळी." आपण माणसाला जेवायला बोलावत नाही तेव्हा त्याला वाईट वाटतं खरं, पण पान वाढल्यावर त्याला हाताला धरून उठवलं, तर तो ते मरेपर्यंत विसरत नाही. आमच्याकडे तर त्याची नातवंडंही विसरत नाहीत.

हे तो कुठून शिकला ते मला पुढे कळलं, त्या लग्नात. मुकुंददादांच्या मुलीचं लग्न मांद्र्याच्या घरी होतं, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने मांडवाचं कापड सारखं फडफडत होतं. या भावंडांची आई लवकर गेली होती, आणि दोन्ही भावांना शालूआकानेच वाढवलं. लग्न होऊन ती सासरी गेली आणि वर्ष-दीड वर्षात कपाळ पांढरं करून परत आली. तेव्हापासून मुकुंददादांचं घर ती चालवत होती. ज्या पुतणीचं लग्न होतं तिला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिनेच केलेलं. लग्नाच्या दिवशी मात्र ती स्वयंपाकघरात. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, विधवा बाई अशा दिवशी आपणहून चुलीजवळ जाते आणि घरचे हायसं वाटून घेतात. ग्रुप फोटोची वेळ आली. सगळे उभे राहिले, खुर्च्यांवर वर-वधू, विहीण, कडेला उभे मुकुंददादा... सदानंद कॅमेऱ्यात वाकून बघत होता आणि बटण काही दाबत नव्हता.

"दाब रे, सदा," मुकुंददादा म्हणाले. सदानंदने मान वर केली. "आका खंय आसा?" मांडवात असं काही शांत झालं की कापडाची फडफड मोठ्याने ऐकू यायला लागली. "ती रांदपाक लागल्या," मुकुंददादा दबक्या आवाजात म्हणाले. सदानंद म्हणाला, "मागीर रांवतां हांव." आणि तो खरंच थांबला. विहीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरामुलगा कपाळावरचा घाम पुसायला लागला. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा होतो आणि मनात म्हणत होतो, आता बास कर बाबा, आज नको... तो कॅमेरा तसाच सोडून आत गेला आणि शालूआकाला मनगटाला धरून घेऊन आला. तिच्या हाताला खोबरं लागलेलं होतं, ती ते पदराला पुसत होती आणि "सदा, सोड माका, सोड रे" म्हणत होती. त्याने तिला कडेला उभं केलं नाही. सरळ मधोमध, वर-वधूच्या खुर्च्यांच्या मधल्या जागेत, मागे नेऊन उभं केलं. नंतर मला म्हणाला, कोपऱ्यातलं माणूस कात्रीच्या तोंडाशी असतं. पोटाशी असलेल्याला कोण कापणार? मग त्याने कॅमेऱ्याची आपोआप फोटो निघायची कळ लावली आणि धावत येऊन कडेला, भावाशेजारी उभा राहिला. मुकुंददादांनी तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागाने ठेवला की मायेने, हे मी तेव्हाही ओळखू शकलो नाही.

मुकुंददादांना मी खलनायक करणार नाही. आठवड्याच्या आत ते पेडण्याला सदानंदच्या स्टुडिओत आले तेव्हा मी तिथेच होतो. सासरी मुलीला पहिल्याच सणाला कुणीतरी टोमणा मारला होता, तुमच्याकडे अशुभ-शुभ काही बघत नाहीत वाटतं. ते काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "चेडवाचो संवसार आसा, सदा. आकाक वगळून एक प्रत कर. तुजें कितें वता?" मुलीचा संसार आहे, तुझं काय जातं, असा त्यांचा सवाल होता. "म्हजें कांय वचना," सदानंद म्हणाला, "तिचें वता." मुकुंददादांचा आवाज चढला. त्यांनी निगेटिव्ह मागितली, थोरला भाऊ म्हणून मागितली, मग अक्षरशः हात जोडले. बाहेर बससाठी उभे असलेले लोक आत डोकावायला लागले. मी मध्ये पडलो आणि म्हटलं, सदा, मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे, एक प्रत दे आणि मोकळा हो. तो माझ्याकडे वळला. "तुका कळचें ना, मास्तर. तिणें आमकां जेवयलां." मुकुंददादा निघून गेले. त्यांच्याजवळ त्या फोटोची एक प्रत होतीच. म्हापशाला कुणाकडून तरी त्यांनी ती मधोमध कापून घेतली, आकाएवढी पट्टी काढून दोन अर्धुकं जोडली, आणि त्याचा पुन्हा फोटो काढून, चौकट करून, घरात दर्शनी भिंतीवर लावला.

मी तो पाहिला आहे. काम चांगलं नव्हतं. जोडाच्या जागी एका मावशीला खांदाच उरला नव्हता आणि नवरीच्या खुर्चीची पाठ वाकडी झाली होती. शालूआकाने तो फोटो लावलेला पाहिला त्या दिवशी दुपारचं जेवण नेहमीसारखं केलं, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. मग पत्र्याची ट्रंक घेऊन अंगणात आली आणि भावजयीला म्हणाली, "हांव वतां." जाते मी, एवढंच. मांद्र्याहून पेडण्याला येणाऱ्या बसमधून ती उतरली तेव्हा सदानंद स्टुडिओच्या पायरीवर होता. त्याने ट्रंक घेतली आणि तिला विचारलं, "जेवलीस?" तेव्हापासून दोघं स्टुडिओच्या मागच्या खोल्यांत राहत होती. सदानंदने लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचा, माझ्या लग्नाचा ग्रुप फोटो कोण काढणार? लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, कारण शालूआका तेव्हा उठून आत गेलेली असायची.

पुढे काळ बदलला. रंगीत फिल्म आली, मग फिल्मच गेली, आणि मोबाइलमध्ये बोटाने चिमटा काढला की माणूस फोटोतून बाहेर. सदानंदचा धंदा बसत गेला तरी त्याने हेका सोडला नाही. त्याचा त्रास मला इतका व्हायचा की मी मध्ये काही महिने त्याच्याकडे जाणं टाकलं होतं. कडेला आलेला कुत्रा, अर्धी दिसणारी स्कूटर, कुणाचं तरी कोपर, हे सगळं जपणं म्हणजे सत्य जपणं नव्हे, हे मी त्याला शेवटच्या भेटीतही सुनावलं. तो चहात उंडे पाव बुडवून खात होता. म्हणाला, "कुत्रो कापल्यार माका वायट दिसना. पूण हाताक संवय जाता, मास्तर." हाताला कापायची सवय लागते. एवढ्या वर्षांत एवढाच एक मुद्दा त्याने सोडून दिला, आणि तोही असा की मला जिंकल्यासारखं वाटेना.

तर आता तो फोटो घेऊन मी म्हापशाच्या लॅबमध्ये उभा होतो. तिथल्या बाईंनी संगणकावर सदानंदभोवती चौकट ओढली आणि बघता बघता बाकीचे सगळे नाहीसे झाले. चेहरा सुरेख आला. फक्त खांद्यावर मनगटापर्यंतचा एक हात उरला, कुणाचा ते न कळणारा. "काका, हा पुसून टाकते, कळणारसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मी ज्या गोष्टीसाठी जन्मभर भांडलो ती गोष्ट त्यांच्या बोटाच्या टोकावर होती. माझं मत बदललं नव्हतं, तरी मी नको म्हटलं. मी दोन प्रती करून घेतल्या. एक सदानंदची एकट्याची, त्या हातासकट. दुसरी पूर्ण, चौकोनी, सगळ्यांची.

बाराव्याला मी दोन्ही चौकटी शालूआकापुढे ठेवल्या. खोलीत बरीच माणसं होती. क्रियाकर्म मुकुंददादांच्या मुलाने केलं होतं, त्यामुळे मुकुंददादाही येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दारात कुणाची सावली पडली की बोलणं थांबत होतं. शालूआकाने एकट्याच्या फोटोकडे पुष्कळ वेळ बघितलं, त्या तुटक्या हातावरून बोट फिरवलं आणि चौकट पालथी घातली. "हो लाय," हा लाव, असं पूर्ण फोटो दाखवून ती म्हणाली. लगेच कुजबुज सुरू झाली. भटजी म्हणाले, बाई, यात जिवंत माणसं आहेत, हाराखाली जिवंत माणसं ठेवू नयेत. एक चुलती म्हणाली, माझा नातूही आहे त्यात, नको ग बाई असलं. बरोबरच होतं त्यांचं. स्वतःच्या चेहऱ्यावर झेंडूचा हार कोण घालून घेईल? शालूआका म्हणाली, "हार नाका. फुलां सकयल दवर." हार नको, फुलं खाली ठेवा. मी फोटो खिळ्याला लावला, फुलं खालच्या फळीवर ठेवली आणि वळलो, तर उंबऱ्यात मुकुंददादा उभे होते.

किती थकले होते... काठी, वाकलेली पाठ. ते सरळ फोटोपाशी आले. त्यांच्या घरातल्या भिंतीवर तीच माणसं इतकी वर्षं होती, पण हा फोटो त्यांनी म्हापशाला कापून घेतल्यापासून पूर्ण पाहिला नव्हता. ते आधी धाकट्या भावाकडे बघत राहिले, मग त्याच्या खांद्यावरच्या स्वतःच्या हाताकडे, आणि मग नजर हळूहळू सरकत मध्ये आली आणि तिथेच थांबली. शालूआका त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मला वाटलं आता हा म्हातारा एकतर ओरडेल नाहीतर कोसळेल. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, माका ह्याची एक प्रत मेळत?" मला राहवलं नाही. "कशी हवी, दादा?" मी विचारलं, आणि माझा आवाज मला वाटलं त्याहून कडू निघाला. शालूआकाने मान वर केली नाही. जमिनीकडे बघतच ती म्हणाली, "ताका सांग, हांव मधीं आसां." मुकुंददादांनी ओठ दाबून धरले. "दिसता माका," ते म्हणाले. "आसा तशीच दी." मग ते न जेवता निघून गेले, आणि त्यांना जेवून जा असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रत तयार होऊन काही आठवडे झाले. स्टुडिओ आता बंदच आहे, तरी शालूआका सकाळी पुढचं दार उघडते, झाडून घेते आणि काउंटरमागच्या खुर्चीत बसते. काउंटरवर त्या प्रतीचं पाकीट आहे. मुकुंददादा अजून आलेले नाहीत. आजारी आहेत म्हणतात, आणि न येण्याला आणखीही कारणं असतील, ती मी समजू शकतो. परवा मी गेलो होतो. म्हटलं, आका, मांद्र्याला जाणारी बस समोरच उभी आहे, मी नेऊन देतो, तासाभराचं काम. तिने पाकिटावर हात ठेवला. "दुसऱ्याकडेन धाडलो तर निस्तो कागद वतलो, मास्तर. तो व्हरपाक आयलो तर हांव वतलीं." दुसऱ्याकडून गेला तर नुसता कागद जाईल, तो स्वतः न्यायला आला तर ती जाईल. बस सुटली. तिने पाकीट उचललं, खालची धूळ फडक्याने पुसली आणि ते पुन्हा तिथेच ठेवलं.